कपाळावरचा लाल डाग

मेंदूच्या लहरींच्या तपासणीचा सतरा पानांचा रिपोर्ट होता. गुळगुळीत कागद, स्पायरल बांधणी, पानापानावर वरून पाहिलेल्या डोक्याची गोल चित्रं. नाक म्हणून वर एक छोटासा त्रिकोण, बाजूंना दोन कान. हिरवं डोकं म्हणजे सगळं ठीक, निळं म्हणजे काहीतरी कमी, लाल म्हणजे जास्त. चौथ्या पानावरच्या डोक्यात, भुवयांच्या वर, या कानशिलापासून त्या कानशिलापर्यंत लाल डाग पसरला होता. ज्यांचं डोकं होतं त्या बाई पन्नाशीच्या आसपासच्या. वर्षभर कशात लक्ष नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही, दुपारी बसल्या जागी गळून जायला होतं, माणसं नकोशी झालेली. त्यांनी डागावर बोट ठेवलं आणि विचारलं, "इथे आहे ना माझं ते?" 'ते' म्हणजे काय हे त्यांनी सांगितलं नाही, कुणी विचारलंही नाही. आवाजात भीती होती, पण त्याहून जास्त सुटका होती. ज्या माणसाला वर्षभर "मनाला लावून घेऊ नकोस", "जरा फिरून ये" एवढंच ऐकायला मिळालेलं असतं, त्याला पहिल्यांदाच कुणीतरी छापील पुरावा दिलेला असतो. लाल रंगात.

पंचाईत एवढीच, की तो डाग बहुधा त्यांच्या डोळ्यांच्या बुबुळांचा होता.

मेंदूच्या लहरींचा नकाशा, म्हणजे क्यूईईजी, बनतो कसा हे पाहिलं की रंगांवरचा विश्वास थोडा सैल होतो आणि मागच्या साध्या कामाबद्दलचा आदर वाढतो. काम सुरू होतं शिंप्यासारखं, टेपने. नाकाच्या मुळाशी जो खळगा असतो तिथून डोक्याच्या मागच्या उंचवट्यापर्यंतचं अंतर मोजायचं. समजा ते ३६ सेंटिमीटर भरलं. त्याचे दहा टक्के, म्हणजे ३.६ सेंटिमीटरवर पहिली खूण, पुढच्या खुणा वीस-वीस टक्क्यांवर, म्हणजे दर ७.२ सेंटिमीटरला. मग तसंच एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात तो टाळूवरचा बिंदू. हीच १०-२० पद्धत. हर्बर्ट जॅस्पर यांनी ती १९५८ साली मांडली आणि आजही १९ इलेक्ट्रोड, म्हणजे लहरी टिपणाऱ्या चकत्या, याच हिशेबाने बसतात. त्यांच्या नावांत डावीकडे विषम आकडे, उजवीकडे सम. आता तयार टोपी मिळते म्हणून टेप खिशातच राहतो. पण टोपी बोटभर तिरकी बसली की डावं-उजवं बिघडतं, आणि नैराश्याबद्दलचं निम्मं बोलणं तर याच डाव्या-उजव्यावर उभं आहे. तिरक्या टोपीचं नैराश्य कुठल्याही गोळीने जात नाही.

मग केसांत वाट करून, बोथट सुईने चांदीच्या त्या चकतीखाली जेल भरायचं. त्याआधी त्वचेवरची मेलेली कातडी खरखरीत पेस्टने हलकेच घासायची, म्हणजे विजेला होणारा अडथळा पाच किलोओहमच्या खाली येतो. केस आदल्या दिवशी धुतलेले हवेत, तेल नको, कंडिशनर नको. जेल कमी पडलं तर आलेख थरथरतो. जास्त झालं तर ते ओघळून शेजारच्या जेलला मिळतं आणि दोन इलेक्ट्रोड मिळून एक होतात. त्या दोन जागांचे आलेख मग जुळ्या भावांसारखे दिसायला लागतात. रिपोर्टमध्ये त्याला 'या दोन भागांत अति-समन्वय' असं भारदस्त नाव मिळू शकतं. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर टाळूवर पोहोचणारा सिग्नल दहा ते शंभर मायक्रोव्होल्टचा असतो. दीड व्होल्टच्या साध्या पेन्सिल सेलचे पन्नास हजार भाग केले तर एक भाग तीस मायक्रोव्होल्टचा होईल. तेवढंसं काहीतरी कवटी आणि कातडी ओलांडून, पसरून, पातळ होऊन वर येतं, आणि त्याच्या शेजारी कपाळाचे स्नायू, जबडा, डोळे, हृदय आणि भिंतीतली वीज अशी सगळी मोठ्या आवाजाची मंडळी बसलेली असतात.

डोळा म्हणजे तर एक छोटा सेलच आहे. बुबुळाची पुढची बाजू धन, डोळ्याच्या आतल्या पडद्याची बाजू ऋण. पापणी मिटली की डोळा किंचित वर फिरतो आणि कपाळावरच्या दोन इलेक्ट्रोडना शंभर मायक्रोव्होल्टचा नाहीतर त्याहूनही मोठा धक्का बसतो. संगणकाला पापणी ठाऊक नसते. त्याला दिसते एक मोठी, संथ लहर, आणि संथ लहरीला तो डेल्टा म्हणतो. दात आवळलेले असतील तर कानशिलांवर बीटाचा, म्हणजे वेगवान लहरींचा, पूर येतो. घाम आला की सगळा आलेख नावेसारखा डोलतो. इलेक्ट्रोड सैल असेल तर एकाच जागी टोकदार उसळ्या येतात, आणि नवशिक्याला त्या फेफऱ्याच्या वाटतात. म्हणून चांगला टेक्निशियन पडद्याकडे कमी आणि माणसाकडे जास्त बघतो. "जबडा सैल सोडा, जीभ खाली राहू द्या, खांदे पाडा." हे म्हणताना आलेखाच्या कडेला वेळ टिपून ठेवतो: इथे गिळलं, इथे खोकला, इथे दार वाजलं. रिपोर्टमध्ये या नोंदी कधीच येत नाहीत. रंग मात्र येतात.

या सगळ्याची सुरुवात करणारा माणूस स्वतः मनोविकारतज्ज्ञ होता, ही गोष्ट पुन्हा पुन्हा आठवत राहते. हान्स बर्गर, जर्मनीतल्या येना शहरातला. तरुणपणी लष्करात असताना तो घोड्यावरून पडला, थोडक्यात वाचला, आणि त्याच दिवशी दूर घरी असलेल्या बहिणीला उगाच धास्ती वाटली म्हणून वडिलांनी तार केली. एका मनातली कळ दुसऱ्या मनात गेली कशी, हे शोधायला हा माणूस मेंदूतल्या विजेकडे वळला. १९२४ साली त्याला माणसाच्या डोक्यावरून पहिला आलेख मिळाला. तो खरा आहे की यंत्राची चूक, याची खात्री करण्यात पुढची पाच वर्षं गेली; स्वतःच्या मुलाच्या डोक्यावरूनही त्याने नोंदी घेतल्या, आणि १९२९ मध्ये निबंध छापला. कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तेच करून दाखवलं तेव्हा कुठे लोक वळले. मनातली कळ त्याला सापडली नाही. सापडली ती सेकंदाला दहा हेलकावे घेणारी एक लहर, डोळे मिटले की डोक्याच्या मागे उमटणारी आणि उघडले की विरणारी. तिला त्याने आल्फा म्हटलं. १९४१ मध्ये, नैराश्यात, त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. माणसाच्या मेंदूचा आलेख पहिल्यांदा काढणाऱ्याचं मन आलेखावर कुणाला दिसलं नसतं.

बर्गरने पाच वर्षं ज्या शंकेत काढली ती शंका आता सॉफ्टवेअर काही सेकंदांत निकालात काढतं. वीस मिनिटांची नोंद घेतं, दोन-दोन सेकंदांचे तुकडे करतं, प्रत्येक तुकड्यातली लहर सुटी करून कोणत्या वेगाची किती हे मोजतं. सेकंदाला चारपर्यंत डेल्टा, चार ते आठ थीटा, आठ ते बारा-तेरा आल्फा, तिथून तीसपर्यंत बीटा. मग सगळ्याची सरासरी. हे दळणाचं जातं आहे. गव्हाबरोबर खडा गेला तर पिठात तो दिसत नाही, दाताखालीच येतो. म्हणून खडे दळण्याआधी निवडावे लागतात, डोळ्यांनी, पानामागून पान कच्चा आलेख बघत. वीस मिनिटांतून दोन-तीन मिनिटं स्वच्छ निघाली तरी पुष्कळ. हे काम कंटाळवाणं आहे, त्याचे वेगळे पैसे कुणी देत नाही, आणि 'आपोआप साफ करा' असं एक बटण समोरच असतं.

पुढची पायरी तुलनेची. निरोगी माणसांच्या नोंदींचा एक साठा असतो. तुमचा आकडा तुमच्या वयाच्या सरासरीपासून किती लांब पडला ते झेड-स्कोअरमध्ये येतं, आणि अधिक-उणे दोनच्या पलीकडे गेलं की लाल किंवा निळं. इथे कागद-पेन्सिल घेऊन बसावं. पूर्ण निरोगी माणसातही प्रत्येक आकडा जवळपास पाच टक्के वेळा त्या रेषेबाहेर पडणारच. रेषाच तशी आखली आहे. १९ जागा, लहरींच्या वेगाचे चार पट्टे, एकूण ७६ आकडे. त्याचे पाच टक्के म्हणजे साधारण चार. म्हणजे ठणठणीत माणसाच्या डोक्यावरही सरासरी चार ठिकाणी रंग चढणार. दोन जागांमधला समन्वय मोजायला गेलात तर जोड्या होतात १७१, चार पट्ट्यांत ६८४, आणि नुसत्या योगायोगाने चौतीस रेषा लाल-निळ्या. हे आकडे एकमेकांशी बांधलेले असतात, त्यामुळे ते विखरून न येता घोळक्याने येतात, आणि घोळका दिसला की अर्थ आहेसं वाटतं. शिवाय दोन इलेक्ट्रोडच्या मधला रंग कुणी मोजलेलाच नसतो. तो भरलेला असतो, रांगोळीत दोन ठिपक्यांमध्ये भरतात तसा.

औषधांचं आणखी वेगळं. झोपेच्या आणि चिंतेच्या ज्या गोळ्या बेन्झोडायझेपिन गटातल्या असतात त्या बीटा वाढवतात. माणूस चिंतेसाठी गोळी घेतो, गोळीने बीटा वाढतो, आणि नकाशा सांगतो की बीटा वाढलाय, म्हणजे चिंता दिसते. लिथियम लहरी संथ करू शकतं, क्लोझापिन त्याहून जास्त. अर्जावर औषधांचा रकाना असतो, तो भरून घेतलेला नसतो. तपासणी 'शुद्ध' यावी म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करणं तर सपशेल वाईट. ती एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. गोळी चालू ठेवून, तिचं नाव, मात्रा आणि शेवटची केव्हा घेतली ते लिहून नोंद घ्यावी, एवढं साधं आहे ते.

इतकं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग टाका ही टोपी माळ्यावर. तसं नाही. एक मूल वर्गात हरवलेलं असतं, हाक मारली तरी ऐकत नाही, दहा सेकंदांनी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने परत येतं. 'लक्ष नाही' असा शिक्का बसतो. तीन मिनिटं जोरजोरात श्वास घ्यायला लावला आणि आलेखावर सेकंदाला तीन या गतीने टोक-आणि-लाट, टोक-आणि-लाट अशी रांग सगळ्या डोक्यावर उमटली, तर तो शिक्का त्याच क्षणी पुसला जातो. ते फेफरं आहे, त्याचं औषध वेगळं आहे, आणि मुलाला उगीच बोलणी बसलेली असतात. एका माणसाचे उपचार एका आलेखाने बदलावेत याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. आणि गंमत अशी की रंगीत नकाशात हे हरवू शकतं. वीस मिनिटांतले आठ सेकंद. सरासरीत ते कुठे सापडणार?

नैराश्याच्या बाबतीत प्रश्न वेगळा आहे. निदान करायला आलेख जवळपास निरुपयोगी. उदास माणसाच्या डाव्या कपाळामागे आल्फा जास्त, म्हणजे तिथलं काम मंद, ही कल्पना अनेक वर्षं फिरली. २०१७ मध्ये सगळे अभ्यास एकत्र मांडून पाहिले तर निदानाला ती पुरत नाही असंच निघालं. पण निदान हा मुळात अवघड प्रश्न नव्हेच. समोर बसून तासभर बोललं की नैराश्य कळतं. अवघड आहे ते पुढचं: कोणती गोळी? पहिलं औषध लागू पडलं नाही हे कळायला सहा-आठ आठवडे जातात, मग दुसरं, पुन्हा तेवढेच. ज्याला सकाळी उठवत नाही त्याच्यासाठी आठ आठवडे म्हणजे किती असतात, हे कॅलेंडरवर कळत नाही. इथे आलेखाने थोडी जरी दिशा दाखवली तरी हवी आहे, आणि ती दाखवण्याची धडपड खरीखुरी चालू आहे. हजाराहून जास्त रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासात, २०१६ साली, तीच डाव्या-उजव्या आल्फाची खूण काही औषधांच्या प्रतिसादाशी जुळलेली दिसली. पण फक्त बायकांमध्ये, आणि एस्सिटॅलोप्राम आणि सर्ट्रालिन यांच्याच बाबतीत.

यातला एक बारकावा नीट समजला की रिपोर्ट वाचायची नजर बदलते. कपाळाच्या आत खोलवर, मध्यरेषेशी मेंदूचा एक भाग आहे. तिथला थीटा जास्त असलेली माणसं नैराश्यातून बरी होण्याची शक्यता जास्त, हे २००१ पासून दिसत आलं. २०१८ मध्ये सर्ट्रालिन आणि खोटी गोळी यांची तुलना करून हेच तपासलं. खूण पुन्हा दिसली. मात्र दोन्ही गटांत सारखीच. ज्यांना खरी गोळी मिळाली त्यांच्यातही, खोटी मिळाली त्यांच्यातही. म्हणजे ही खूण कोण बरं होईल ते सांगते. कशाने होईल ते सांगत नाही. डॉक्टरला हवं असतं दुसरं, जाहिरातीत दाखवलं जातं पहिलं, आणि मधली फट रंगाने बुजवली जाते. २०२० मध्ये संगणकाला शिकवून खास सर्ट्रालिनच्या प्रतिसादाची खूण शोधल्याचं प्रसिद्ध झालं. त्यात फट खरंच अरुंद झालेली दिसते. पण प्रयोगातल्या गटातून उठून खोलीतल्या एका खुर्चीपर्यंत यायला अशा खुणेला बराच प्रवास असतो. चुंबकीय उत्तेजनाच्या उपचारात, म्हणजे टीएमएसमध्ये, आणखी एक धागा आहे: ठोके साधारण सेकंदाला दहा दिले जातात, आणि ज्यांचा स्वतःचा आल्फा दहाच्या जवळ असतो त्यांना फायदा जास्त झाल्याचं काही अभ्यासांत दिसलं. प्रत्येकाचा आल्फा आपापल्या वेगाचा असतो, कुणाचा साडेनऊ, कुणाचा पावणेअकरा, आणि तो वर्षानुवर्षं फारसा हलत नाही. रंगीत पानांमध्ये हा एक आकडा बहुतेक वेळा कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो. आधी तोच बघावा.

लक्ष न लागणाऱ्या, म्हणजे एडीएचडी असलेल्या, मुलांच्या थीटा-बीटा गुणोत्तराची कहाणी तर शिकवणारी आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने हे गुणोत्तर मोजणाऱ्या यंत्राला मदतनीस म्हणून परवानगी दिली, त्याच वर्षी सगळे अभ्यास एकत्र करणाऱ्यांनी सांगितलं की निदानासाठी ते भरवशाचं नाही, आणि २०१६ मध्ये तिथल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या अकादमीने त्यावर विसंबू नका असं बजावलं. घसरण झाली कशी? नव्या अभ्यासांत एडीएचडी नसलेल्या मुलांचंही गुणोत्तर वर सरकलेलं दिसलं, आणि त्याचं एक कारण मुलांची कमी झालेली झोप असू शकेल असं सुचवलं गेलं. पेंगणाऱ्या मेंदूत थीटा चढतो. हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे.

बाईंच्या रिपोर्टच्या शेवटच्या पानावर न्यूरोफीडबॅकची चाळीस सत्रं सुचवली होती. पुढचा लाल रंग हिरवा होईपर्यंत. पडद्यावर आपलीच लहर बघून ती वळवायला शिकायचं, ही कल्पना मोहक आहे आणि खोटी नाही, लहर वळते. पण लक्ष न लागणाऱ्या १४४ मुलांवरच्या एका काटेकोर चाचणीत काहींना स्वतःच्या लहरी दाखवल्या आणि बाकीच्यांना आधीच घेऊन ठेवलेली दुसऱ्याच कुणाची नोंद, आणि कुणाला काय मिळतंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन्ही गट सारखेच सुधारले. सुधारले, हेही खरं. चाळीस वेळा कुणीतरी शांतपणे समोर बसतं, वेळ पाळतं, "आज छान जमलं" म्हणतं, याची किंमत कमी लेखू नये. फक्त ती लहरीच्या नावावर लावू नये.

रिपोर्ट घेताना मूळ नोंदीची फाइल मागावी. ईडीएफ नावाचा प्रकार १९९२ पासून चालत आलाय, कुठल्याही वाचकात उघडतो. बहुतेक जण मागत नाहीत, म्हणून बहुतेक जण देत नाहीत. बाईंच्या मुलीने मागितली होती. कच्चा आलेख उघडला तर पहिलं दीड मिनिट सुरेख: डोळे मिटलेले, डोक्याच्या मागे साडेनऊचा आल्फा, कणसासारखा भरतो नि ओसरतो. दोन मिनिटांच्या आत तो तुटायला लागला. मग दोन्ही कानशिलांच्या पुढचे दोन इलेक्ट्रोड, डावा वर तर उजवा खाली, उजवा वर तर डावा खाली, असे दोन-तीन सेकंदांचे संथ झोके. मिटल्या पापण्यांखाली बुबुळं इकडून तिकडे तरंगत होती. झोपेच्या उंबरठ्यावर ती अशीच तरंगतात. मग थीटा. चौथ्या मिनिटाला टाळूवर टोकदार लहरी, सहाव्याला झोपेच्या चात्या, म्हणजे झोप लागल्याची खूण असलेले लहरींचे छोटे झुपके. बाई चक्क झोपल्या होत्या, भर सकाळी, खुर्चीत, डोक्यावर टोपी आणि केसांत जेल घेऊन. कुणी त्यांना हाक मारली नव्हती. सॉफ्टवेअरने तिसऱ्या ते आठव्या मिनिटाची सरासरी काढली, जाग्या माणसांच्या साठ्याशी ती ताडून पाहिली, आणि कपाळ लाल झालं.

"रात्री घोरता का?" असं विचारल्यावर त्यांना हसू आलं. मुलगी हसली नाही. ती म्हणाली, आईचा श्वास मध्येच थांबतो, मग दचकल्यासारखा सुरू होतो. आम्हाला सवय झालीय. झोपेच्या तपासणीची चिठ्ठी लिहिली गेली. नैराश्य नाही असं कुणी म्हटलं नाही. दोन्ही असू शकतं, आणि वर्षभर रात्री न मिळालेली झोप माणसाला दोन्हीच्या दाराशी नेऊन सोडते. बाईंचं लक्ष मात्र अजून चौथ्या पानावर होतं. "मग हे माझं नाही?" या वेळी सुटकेच्या जागी थोडी फसवणूक झाल्याची छटा होती, आणि ती समजण्यासारखी होती. त्यांचा पुरावा काढून घेतला जात होता.

नोंद पुन्हा घेतली. दोन मिनिटं डोळे उघडे, दोन मिनिटं मिटलेले, आलटून पालटून, आणि डोळा लागतोय असं वाटलं की हाक. मध्ये त्यांनी विचारलं, ती मागची चांगली लहर मला बघता येईल का? पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी डोळे मिटले, आल्फा आला. बघायला उघडले, गेला. पुन्हा मिटले, हळूच एक डोळा किलकिला केला. गेला. तिसऱ्यांदा त्या मुलीला म्हणाल्या, "तूच बघ आणि मला सांग, कशी आहे ती," आणि डोळे मिटून बसल्या.